पाठ झाला, पण आला नाही : इंग्रजी शब्दसंग्रहाविषयी वाचकांचे प्रश्न

वरच्या पातळीचे इंग्रजी शब्द कसे शिकावेत, याबद्दल आलेल्या पत्रांमधले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. इंग्रजी शब्द देवनागरीतच दिले आहेत. स्पेलिंगवर अडतं तिथे अक्षरं सुटी सांगितली आहेत.

प्रश्न : परीक्षेसाठी एका यादीतून रोज तीस शब्द पाठ करतो. रात्री विचारले तर सगळे येतात. महिन्यानं उजळणी घेतली तर शंभरही शाबूत नसतात. माझी स्मरणशक्तीच कमी आहे का?

स्मरणशक्ती ठीक आहे, हिशेब चुकलाय. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली निष्कर्ष छापले. पाठ केलेलं सर्वांत झपाट्यानं विसरतं ते पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवसात. पुढे विसरण्याचा वेग मंदावतो. त्यामुळे रात्री सगळे शब्द येणं यात विशेष काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, वही न उघडता किती आठवतात, तो खरा आकडा.

आता हिशेब. एक शब्द पक्का व्हायला पहिल्या दोन महिन्यांत निदान पाच वेळा आठवून पाहावा लागतो, तोही एकदाही चुकला नाही तर. रोज तीस नवे शब्द घेतलेत की वाढत वाढत रोज दीडशे शब्दांची उजळणी अंगावर येते. एका शब्दाला दहा सेकंद धरले तरी पंचवीस मिनिटं झाली, शिवाय चुकलेल्यांची पुनरावृत्ती वेगळीच. साधारण तिसऱ्या आठवड्यात माणूस उजळणी सोडतो आणि नवे शब्द चालू ठेवतो, कारण नवे शब्द घेताना प्रगती झाल्यासारखी वाटते. गळती तिथे लागते. रोज आठ शब्द घ्या. उजळणी चाळीस शब्दांची, म्हणजे सात-आठ मिनिटांची होते. वर्षातले तीनशे दिवस जरी टिकलात तरी चोवीसशे शब्द होतात.

दुसरी गडबड यादीची आहे. अकारविल्हे यादीत अबेट, अबेट, अॅबहॉर, अॅब्रोगेट असे एका तोंडवळ्याचे शब्द शेजारी बसतात. पहिल्या दोघांतला फरक तर देवनागरीत दिसतही नाही : एकाचा शेवट ए-टी-ई असा, अर्थ ओसरणं; दुसऱ्याचा ई-टी, अर्थ गुन्ह्याला साथ देणं. त्यातून यादीतला शब्द आपल्याला त्याच्या जागेवरून आठवतो, ‘अमक्याच्या खालचा’ म्हणून. जागा बदलली की अर्थ गेला. म्हणून यादी फोडा आणि कार्डं करा.

एक कार्ड जवळून पाहू. शब्द आहे मिटिगेट. पुढच्या बाजूला नुसता शब्द लिहू नका, गाळलेली जागा असलेलं वाक्य लिहा : ‘ट्रीज कॅन मि... दि इफेक्ट्स ऑफ हीट.’ मागच्या बाजूला आधी मराठी अर्थ : तीव्रता कमी करणं, सौम्य करणं. त्याखाली अर्थाची सीमा : नाहीसं करणं नव्हे. मग या शब्दाचे सोबती : रिस्क, इफेक्ट, इम्पॅक्ट, डॅमेज. मग नाम : मिटिगेशन. शेवटी एक इशारा : ‘मिटिगेट अगेन्स्ट’ चूक, तिथे हवा असतो मिलिटेट, म्हणजे एखाद्या गोष्टीच्या आड येणं. एवढं लिहायला तीन मिनिटं लागतात, आणि ती तीन मिनिटं हेच निम्मं शिक्षण असतं. तयार कार्डं उतरवून घेणाऱ्यांचं नेमकं हेच हुकतं.

ही कार्डं पाच कप्प्यांच्या डब्यात ठेवायची. जर्मन लेखक झेबास्टियान लाइटनर यांनी १९७२ साली ही पद्धत लोकप्रिय केली. पहिला कप्पा रोज, दुसरा दर तीन दिवसांनी, तिसरा आठवड्यानं, चौथा पंधरवड्यानं, पाचवा महिन्यानं. बरोबर आलं की कार्ड पुढच्या कप्प्यात. चुकलं की थेट पहिल्यात, मग ते चौथ्यातून आलेलं का असेना. फोनवरची अंकीसारखी ॲपं हेच अंतर आपोआप मोजतात. डबा की ॲप, हा आवडीचा भाग. पण कार्ड उलटण्याआधी उत्तर मोठ्यानं म्हणा. उलटून पाहून ‘हो, माहीत होतं’ म्हणणं ही स्वतःचीच फसवणूक. ओळखणं आणि आठवणं ही दोन वेगळी कामं आहेत.

प्रश्न : बाजारात हजार, तीन हजार, पाच हजार शब्दांच्या याद्या मिळतात. नेमके कोणते शब्द शिकावेत?

आधी आपण कुठे आहोत ते मोजा. जे वाचायचं आहे त्यातलंच एक पान घ्या, साधारण तीनशे शब्दांचं. विशेषनामं सोडून अनोळखी शब्दांखाली रेघ मारा. सहा किंवा त्याहून कमी निघाले तर पानातले अठ्ठ्याण्णव टक्के शब्द तुम्हाला येतात आणि उरलेल्यांचा अर्थ बहुधा संदर्भावरून लागतो. पंधराच्या वर गेले तर संदर्भही हाताशी येत नाही, कारण ज्या शब्दाच्या आधारानं अंदाज बांधायचा तोच अनोळखी असतो. अशा वेळी पुस्तक बदला, जिद्दीला पेटू नका.

कादंबरी किंवा वर्तमानपत्र अठ्ठ्याण्णव टक्के कळण्यासाठी आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात, असा अंदाज भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांनी २००६ साली मांडला. शब्दकुटुंब म्हणजे मूळ शब्द आणि त्याची पिलावळ : अॅनालाइझ, अॅनालिसिस, अॅनालिटिकल हे सगळे मिळून एक. आकडा मोठा दिसतो, पण त्यातले पहिले दोन-तीन हजार तुमच्याकडे आधीच असतात.

अभ्यासाचं किंवा कामाचं इंग्रजी वाचायचं असेल तर सुरुवात अॅव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या शैक्षणिक शब्दसूचीपासून करा. तीत ५७० शब्दकुटुंबं आहेत, वारंवारतेनुसार दहा गटांत लावलेली. पहिले नऊ गट साठ-साठचे, शेवटचा तीसचा. यातले शब्द भपकेबाज नाहीत. कॉन्स्टिट्यूट, डिराइव्ह, सब्सीक्वेंट, इन्हेरंट असे आहेत. त्यामुळेच पुष्कळजण यांना ‘हे येतातच’ म्हणून सोडून देतात आणि सेस्क्विपेडेलियन पाठ करत बसतात. त्या शब्दाचा मूळ अर्थ ‘दीड फूट लांबीचा’. लांबलचक शब्दांचा सोस असलेल्या माणसाला तो लावतात, हे त्यातल्या त्यात गमतीचं.

बाकी शब्दांची निवड तुमच्या वाचनावर सोडा. अनोळखी शब्द पहिल्यांदा दिसला की रेघ मारून पुढे जा. त्याच प्रकरणात किंवा त्याच आठवड्यात पुन्हा भेटला तरच त्याचं कार्ड करा.

प्रश्न : फोनवर रोज एक नवा शब्द येतो. तेवढ्यानं भागेल?

नाही. कालचा शब्द आज कोणी विचारत नाही. शिवाय तो शब्द बहुधा गंमत म्हणून निवडलेला असतो, उपयोगाचा म्हणून नव्हे. चहाबरोबर वाचायला हरकत नाही.

प्रश्न : लॅटिन आणि ग्रीक धातू पाठ केले की हजारो शब्द आपोआप कळतात, असं म्हणतात. खरं आहे का?

अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्यात मराठी वाचकाची चंगळ आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचं मूळ एक असावं, हे संस्कृतचे इंग्रज अभ्यासक विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कोलकात्यातल्या भाषणात मांडलं होतं. त्यामुळे इंग्रजीत लॅटिन-ग्रीकच्या वाटेनं आलेल्या कितीतरी धातूंचे चुलतभाऊ आपल्या घरात आहेत.

बैलाच्या मानेवरचं ‘जू’ घ्या. ते संस्कृत ‘युग’वरून आलं, धातू युज्, म्हणजे जोडणं, ‘योग’ही त्याचाच. इंग्रजी योक म्हणजे तेच जू. लॅटिनमध्ये जुगुम. आता सबजुगेट म्हणजे जुवाखाली आणणं, अंकित करणं. आणि काँजुगल म्हणजे एका जुवाला जोडलेल्या दोघांचं, दांपत्याचं. तीन शब्द एका खुंटीला टांगले गेले. तसंच ज्ञा : कॉग्निशन, रेकग्नाइझ, आणि अॅग्नॉस्टिक तर जवळजवळ ‘अज्ञ’च, फक्त अर्थ ‘ईश्वर आहे की नाही हे कळू शकत नाही असं मानणारा’. नव : नोव्हिस, इनोव्हेट, रेनोव्हेट. मृ : मॉर्टल, इम्मॉर्टल, आणि देवांचं खाणं अँब्रोझिया हे आपल्या ‘अमृता’चं ग्रीक भावंड. पद : पेडल, पेडेस्ट्रियन, इम्पीड म्हणजे पायात खोडा घालणं, एक्स्पिडाइट म्हणजे पाय मोकळा करून काम वेगानं पुढे नेणं.

उपसर्गांचा खेळही आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. आहार, विहार, प्रहार, संहार : हृ एकच, उपसर्गानं अर्थ पार बदलतो. इन्स्पेक्ट, प्रॉस्पेक्ट, रेट्रोस्पेक्ट, सरकमस्पेक्ट हे अगदी तसंच. सरकमस्पेक्ट म्हणजे चहूकडे पाहून पाऊल टाकणारा, सावध.

आता उरलेलं अर्धं. धातू अर्थ आठवायला मदत करतो. अर्थ ओळखायला त्याच्यावर विसंबलात तर फसाल. पेडेस्ट्रियनमधला पेड पायाचा, पण पीडिअॅट्रिशियनमधला ग्रीक, लहान मुलाचा. एनर्व्हेट ऐकून एनर्जी आठवते, अर्थ मात्र उलटा : शक्ती काढून घेणं, गळाठवणं. नॉइसमचा नॉइझशी संबंध नाही, तो अनॉयचा भाऊ. अर्थ दुर्गंधीयुक्त, किळसवाणा. इन्फ्लेमेबलमधला ‘इन’ नकारार्थी नाही, म्हणून फ्लेमेबल आणि इन्फ्लेमेबल दोन्ही ज्वालाग्राही. इनव्हॅल्युएबलमधला मात्र नकारार्थी आहे, तरी अर्थ ‘कवडीमोल’ होत नाही. आपल्या ‘अमूल्य’मध्येही हेच घडलंय, तेव्हा तक्रारीला जागा नाही.

म्हणून क्रम असा ठेवा : आधी वाक्यातून अर्थ, मग शब्दकोशात खात्री, मग धातू. पन्नास-साठ धातू पुष्कळ झाले. धातूंचीच यादी पाठ करू नका, नाहीतर पुन्हा पहिला प्रश्न विचाराल.

प्रश्न : शिक्षक म्हणतात, इंग्रजी शब्दाचा अर्थ इंग्रजीतच लिहा, मराठीत लिहू नका. मला मराठीतून पटकन कळतं. काय करावं?

मराठीत जरूर लिहा. कळणं आधी, सोवळं नंतर. पण एकच मराठी शब्द लिहून थांबू नका.

शब्दकोशात रेझोल्यूट, टेनेशस आणि ऑब्स्टिनेट या तिघांसमोर कुठे ना कुठे ‘हट्टी’ किंवा ‘दृढ’ सापडेल. पण मराठीत कोणाला जिद्दी म्हटलं तर पाठ थोपटली, हट्टी म्हटलं तर कान धरला, आणि चिवट म्हटलं तर कौतुकात थोडा वैतागही मिसळला. इंग्रजीतही नेमकी अशीच उतरंड आहे. रेझोल्यूट म्हणजे निर्धारी, निव्वळ स्तुती. टेनेशस चिवट, मूळ अर्थ धरून ठेवणारा. ऑब्स्टिनेट अडून बसलेला. चौथा इंट्रान्सिजंट, तसूभरही तडजोड न करणारा; हा बहुतेक राजकीय आणि वाटाघाटींच्या बातम्यांत भेटतो. शिफारसपत्रात उमेदवाराला ऑब्स्टिनेट म्हटलंत तर त्याचं काम झालंच म्हणून समजा.

असंच काटकसरी, चिकट आणि कद्रू यांचं. फ्रूगल काटकसरी, स्टिंजी रोजच्या बोलण्यातला चिकट, पार्सिमोनियस औपचारिक लेखनातला कद्रू. मराठी माणसाकडे या छटा तयार आहेत, त्या न वापरता सगळ्यांसमोर ‘कंजूष’ लिहिणं हा आळस आहे. कार्डावर दोन-तीन मराठी शब्द लिहा आणि जो लागू पडत नाही तो खोडून ठेवा. खोडलेला शब्दही शिकवतो.

यानंतर इंग्रजी-इंग्रजी कोश उघडा, पण शिकणाऱ्यांसाठी केलेला. लाँगमनच्या अशा कोशात अर्थ सांगायला सुमारे दोन हजार नेहमीचेच शब्द वापरलेले असतात, म्हणजे एका अवघड शब्दाचा अर्थ पाहायला दुसरा अवघड शब्द शोधावा लागत नाही. १९८७ साली आलेल्या कोबिल्ड कोशानं तर पूर्ण वाक्यात अर्थ सांगण्याची रीत पाडली, त्यामुळे शब्द कोणाबद्दल आणि कशाबद्दल वापरतात तेही त्या अर्थातूनच कळतं. मोठा, इंग्रजी मातृभाषा असलेल्यांसाठीचा कोश व्युत्पत्तीपुरता ठेवा.

प्रश्न : इंजीनियस आणि इंजेन्युअस, वीनल आणि वीनियल, अशा जोड्या कितीही घोकल्या तरी ऐनवेळी उलट्या होतात.

जोडीनं घोकता म्हणूनच होतात. दोन सारखे शब्द एकदम शिकले की डोक्यात दोन शब्द आणि दोन अर्थ पक्के बसतात, पण कोणाचा कोणता हे बसत नाही. विरुद्धार्थी जोड्यांचंही असंच होतं.

एकालाच आधी घ्या, जो जास्त भेटतो तो. इंजीनियस म्हणजे कल्पक. तो तिसऱ्या कप्प्यात पोहोचेपर्यंत दुसऱ्याकडे ढुंकून पाहू नका. मग इंजेन्युअस घ्या, निरागस, भाबडा, आणि वेगळ्याच वाक्यासकट. वीनल म्हणजे लाचखाऊ, वीनियल म्हणजे क्षम्य. इथेही दोघांत दहा-बारा दिवसांचं अंतर राहू द्या.

स्पेलिंगमध्येच खूण असेल तर ती वापरा. डिस्क्रीट असे दोन शब्द आहेत आणि उच्चार एकच. एकात दोन ई शेजारी-शेजारी : तो शब्द जपून बोलणारा, गुपित राखणारा. दुसऱ्यात दोन ईंच्या मध्ये टी आडवा येऊन त्यांना वेगळं करतो, आणि त्याचा अर्थच ‘सुटा, वेगवेगळा’. याहून सोपी खूण मिळणार नाही. ओढूनताणून केलेल्या खुणा मात्र टाळा; खूण आठवायला दुसरी खूण लागत असेल तर ती फाडून टाका.

प्रश्न : वाचताना शब्द कळतात, पण लिहिताना-बोलताना तेच साधे शब्द येतात. आणि मुद्दाम अवघड शब्द वापरला तर वाक्य विचित्र होतं.

पहिली गोष्ट स्वाभाविक आहे. मराठीतही ‘किंकर्तव्यमूढ’ कळतो, आपण म्हणत नाही. सगळे शब्द तोंडात यायलाच हवेत असं नाही. दहातले दोन वापरासाठी निवडा, आठ फक्त ओळखीपुरते राहू द्या.

दुसरीचं कारण शब्दांची संगत. मराठीत भूक लागते, पण राग येतो. ऊन पडतं, पण वारा सुटतो. राग ‘लागला’ म्हटलं की ऐकणारा थबकतो, व्याकरण ठीक असूनही. इंग्रजीत थ्रेट पोझ करतो, इन्फ्लुअन्स एक्झर्ट करतात, क्राइम कमिट करतात, कन्सेन्सस रीच करतात. तुम्ही एक्झर्टसमोर ‘वापरणं’ लिहून ठेवलंत, तर एक्झर्ट अ पेन असंही लिहाल. म्हणून कार्डावर सोबती लिहायला सांगितलं.

तिसरं कारण शब्दाची ऐट. १०६६ साली उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबारात फ्रेंच बसली, विद्वानांची लॅटिन आधीपासून होतीच. त्यामुळे एकाच गोष्टीला तीन मजल्यांवरचे शब्द मिळतात : आस्क हा जुना घरगुती, क्वेश्चन फ्रेंचमधून आलेला, इंटरॉगेट लॅटिनमधला. मित्राला ‘इंटरॉगेट’ केलं की पोलीस ठाणं डोळ्यांसमोर येतं. जेवणाला ‘कमेन्स’ केलं की कार्यक्रमपत्रिका.

सराव असा करा. वापरासाठी निवडलेल्या शब्दांची कार्डं उलटी चालवा : मराठी अर्थ आणि सोबती पाहून शब्द आठवायचा. आठवड्यातून एकदा दीडशे शब्दांचा परिच्छेद साध्या इंग्रजीत लिहा, मग फक्त दोन ठिकाणी नवा शब्द बसवा, आणि कोशातल्या उदाहरणाशी ताडून पाहा. दोनच. सहा बसवलेत तर परिच्छेद भाड्याचे दागिने घातल्यासारखा दिसतो.

प्रश्न : परदेशी विद्यापीठांतल्या प्रवेशासाठी जीआरई परीक्षेची तयारी करतेय. शब्द येतात, तरी गाळलेल्या जागा चुकतात.

२०११ साली या परीक्षेतून विरुद्धार्थी शब्द आणि शब्दसाधर्म्य हे प्रश्न गेले, तेव्हा सुट्या अर्थांचं महत्त्व घटलं. पर्याय झाकून वाक्य वाचा. ऑल्दो, डिस्पाइट, फार फ्रॉम अशा वळणावर खूण करा, जागेसाठी स्वतःचा साधा शब्द ठरवा, मराठी चालेल, आणि मग पर्याय उघडा. सहातून दोन निवडायच्या प्रश्नात समानार्थी जोडी दिसली की लगेच उचलू नका. वाक्यात न बसणारी जोडी मुद्दाम पेरलेली असते. आणि ओळखीच्या शब्दांचे अनोळखी अर्थ पाहा : क्वालिफाय म्हणजे विधानाला मर्यादा घालणं, टेम्पर म्हणजे सौम्य करणं, चेक म्हणजे रोखणं, वाँट म्हणजे अभाव, चँपियन म्हणजे कैवार घेणं. सर्वांत जास्त गुण इथेच जातात, कारण हे शब्द कोणी कार्डावर लिहीत नाही.

प्रश्न : वाचून शिकलेल्या शब्दांचे उच्चार चुकतात. काही नियम?

थोडेच. मराठीत आपण सगळी अक्षरं साधारण सारख्या वजनानं उच्चारतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर आणि बाकीची दबलेली. आय-सी, आय-टी-वाय, टी-आय-ओ-एन या शेवटांच्या शब्दांत जोर सहसा त्या शेवटाच्या लगेच आधीच्या अक्षरावर येतो, म्हणून फोटोग्राफमध्ये पहिल्यावर असलेला जोर फोटोग्रॅफिकमध्ये ‘ग्रॅ’वर सरकतो. रेटरिकसारखे अपवाद आहेत, त्यात जोर पहिल्यावर. ए-टी-ई शेवटाचा शब्द क्रियापद असेल तर ‘एट’, विशेषण असेल तर ‘इट’ : विचारविनिमय करणं ते डेलिबरेट, जाणूनबुजून केलेलं ते डेलिबरिट. इलॅबरेटचंही तसंच.

बाकीचे एकेक करून ऐकावेच लागतात. एपिटमी, एपिटोम नव्हे. हायपर्बली, हायपरबोल नव्हे. सटलमध्ये बी मुका, इन्डाइटमध्ये सी मुका, डेब्रीत एस मुका. अराय (ए-डब्ल्यू-आर-वाय) दिसतो ‘ऑरी’सारखा. आणि मिसलेड, म्हणजे दिशाभूल झालेला, हा शब्द मिस अधिक लेड असा आहे. पुष्कळजण तो वर्षानुवर्षं मनात ‘मायझल्ड’ असा वाचतात.